पुणे ते कन्हेरी : काचेतून शंभर किलोमीटर

खिडकीची काच किती स्वच्छ दिसते! पण तिच्या कडेकडून आत पाहा. ती हिरवट, काळसर दिसेल. काचेतील लोहाचे अंश प्रकाश शोषून घेतात. मग पुण्याहून बारामती तालुक्यातील कन्हेरीपर्यंत, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, प्रकाश काचेतून कसा पोहोचणार?

हाच प्रश्न १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी सोडवला. दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे, असे त्यांनी दाखवले. १ किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग उरला, तरी संदेशवहनाला तो पुरेल, हे त्यांचे गणित. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने असा केसासारखा बारीक तंतू तयार केला. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश त्यातून बाहेर निसटत नाही.

त्याच वर्षी नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसरही साकार झाला. आकार मिठाच्या कणाएवढा! आज असे लेसर सेकंदाला अब्जावधी स्पंद पाठवतात. प्रकाश म्हणजे १, अंधार म्हणजे ०. आवाज, अक्षरे, चित्रे, सारे या दोन अंकांत मांडता येते.

स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली.

सुरुवातीचे लेसर सुमारे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे होते. तो प्रकाश काचेत फार विखुरतो. तरंगलांबी दुप्पट केली, तर विखुरणे सोळाव्या हिश्श्यावर येते. मात्र १,६०० नॅनोमीटरच्या पुढे काच स्वतःच प्रकाश अधिकाधिक शोषू लागते. म्हणून १,५५० नॅनोमीटरचा सुवर्णमध्य साधला गेला. पूर्वी १ किलोमीटरनंतर उरणारा शंभरावा भाग आज १०० किलोमीटरनंतर उरतो. पुण्यात निघालेला संदेश कन्हेरीत वाचता येतो, तो यामुळेच! वेळ लागतो सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग.

याहून दूर जायचे असेल, तर वाटेत अर्बियम मिसळलेला तंतू जोडतात. १९८७ साली पुढे आलेला हा वर्धक प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच त्याला बळ देतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नांगरटीत किंवा खोदकामात तुटलेली केबल दिसली, तर तिच्या टोकात डोकावू नका. हा प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मोठ्या माणसांना सांगा, म्हणजे तुटलेली वाट लवकर सांधली जाईल.