विश्लेषण : त्वचेच्या कर्करोगावरची ‘लक्ष्यवेधी’ गोळी प्रत्येकाला का चालत नाही?

मेलेनोमा हा त्वचेचा अत्यंत घातक कर्करोग. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर होतो. भारतात मात्र अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली. वसईच्या वाडीत वा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर अनवाणी वावरणाऱ्याला असा काळा डाग कुरूप किंवा मोडलेला काटा वाटू शकतो. दुर्लक्ष झाले, की आजार फुप्फुस-यकृतापर्यंत पोहोचतो.

गोळी काय करते?

बीआरएएफ जनुकात बिघाड झाला, की पेशीला ‘वाढत राहा’ असा संदेश सतत मिळतो. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले वेमुराफेनिब तो तोडते. पण बहुतेकांत काही महिन्यांनी गाठी पुन्हा वाढतात, म्हणून आता डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब जोडीने देतात. या जोडीच्या चाचण्यांत ३४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते.

मग अडचण कुठे?

पाश्चात्त्य रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत हा बिघाड असतो, तळपायाच्या मेलेनोमात खूपच कमी. बिघाड नसताना ही गोळी अपायही करू शकते. म्हणून गाठीच्या तुकड्याची जनुक-तपासणी आधी. काहींत ‘किट’ जनुकाचा बिघाड सापडतो. त्यांच्यापैकी काहींना इमॅटिनिब लागू पडते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळल्याने ते जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते.

गोळ्या घरीच घेता येतात, परळच्या वाऱ्या कमी होतात. मात्र डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबने ताप येतो. पावसाळ्यात तो मलेरिया-डेंग्यूचा वाटू शकतो; जवळच्या डॉक्टरांना गोळीचे नाव आधी सांगावे.