जाब विचारायचा कोणाला?
शहराचा कारभार : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण महापालिकेची रचना पाहिली. धोरण महासभा ठरवते, खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना स्थायी समिती मंजुरी देते आणि अंमल आयुक्त करतात. आज पुढचा प्रश्न. अंमल चुकला किंवा झालाच नाही, तर लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी आयुक्तांकडून उत्तर कसे घ्यायचे? उदाहरणासाठी भिवंडी घेतो. भिवंडी-निजामपूर महापालिकेने गेल्या दशकात भरलेले सभागृह पाहिले, फुटलेले पाहिले आणि जून 2022 नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ बंद असलेले सभागृहही पाहिले. तिन्ही अवस्थांत उत्तरदायित्वाचे काय होते हे समजायला एवढे ठळक उदाहरण जवळपास दुसरे नाही.

मुळात एक अडचण रचनेतच आहे. तुलनेसाठी स्कॉटलंड पाहा. तिथल्या संसदेत, ती भरलेली असताना, दर गुरुवारी सरकारच्या प्रमुखांना, म्हणजे 'फर्स्ट मिनिस्टर'ना, आमदारांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे द्यावी लागतात. ते स्वतः त्याच सभागृहाचे निवडून आलेले सदस्य असतात आणि सभागृहाचा विश्वास गेला तर त्यांचे पदही जाते. आपल्या मुख्यमंत्र्यांनाही विधानसभेत उत्तर द्यावे लागते आणि तिचा विश्वास गेला तर त्यांचेही पद जाते. महापालिकेत मात्र महापौर सभा चालवतात आणि कारभार राज्य सरकारने नेमलेले आयुक्त चालवतात. उत्तर देणारा माणूस निवडून आलेला नसतो, आणि निवडून आलेल्या महापौरांच्या हाती अंमलाचे अधिकार नसतात. त्यामुळे महापौरांच्या नावाने ओरडून खड्डा बुजत नाही.

ही घडण आजची नाही. 1865च्या कायद्याने मुंबईत आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले. त्यांनी शहर सुधारले, पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि करदाते खवळले. 1871 साली तरुण फिरोजशहा मेहतांनी वेगळा विचार मांडला : कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेची नजर ठेवा. 1872 आणि पुढे 1888च्या कायद्यांतून मुंबईची घडी बसली. बाकी शहरांसाठीचा 1949चा महापालिका अधिनियम, जो भिवंडीला लागू आहे, त्याच वळणाचा आहे. म्हणजे आपल्या व्यवस्थेत नगरसेवकाचे पहिले काम नजर ठेवण्याचे आहे. गटार साफ करून घेणे, नळाला पाणी आणून देणे या कामांची लोक त्याच्याकडून अपेक्षा करतात आणि तोही धावपळ करतो. पण कायद्याने त्याच्या हाती दिलेले खरे हत्यार प्रश्न विचारण्याचे आहे.

या अधिनियमाच्या कलम 44 नुसार कोणताही नगरसेवक पालिकेच्या कारभाराबद्दल आयुक्तांना प्रश्न विचारू शकतो. प्रश्न लेखी हवा आणि सभेपूर्वी पूर्ण सात दिवसांच्या मुदतीने नगरसचिवांकडे पोचायला हवा. त्यात वादविवाद नको, टोमणे नकोत, कोणाची बदनामी नको, आणि 'असे झाले तर काय कराल' अशी काल्पनिक विचारणाही नको. महापौरांनी वेगळा निर्देश दिला नसेल, तर आयुक्तांनी उत्तर महासभेतच द्यायचे असते. गोपनीय असल्याचे किंवा सार्वजनिक हिताला बाधा येत असल्याचे कारण दाखवून ते उत्तर नाकारू शकतात. महासभाही महिन्यातून किमान एकदा घ्यावीच लागते, तीही 20 तारखेच्या आत. एवढी बांधीव तरतूद हाताशी असताना ती किती कमी वापरली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न कसा असावा, हे धोकादायक इमारतींच्या विषयावरून पाहू. दर पावसाळ्याआधी पालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. 'शहरातील धोकादायक इमारतींबाबत प्रशासन काय करत आहे?' असे विचारले, तर 'नियमानुसार कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर ठरलेले. आता अधिनियमाच्या कलम 265अ कडे या. 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मान्यताप्राप्त अभियंत्याकडून करून घेणे या कलमाने बंधनकारक केले आहे. मग विचारा : अमुक प्रभाग समितीच्या हद्दीत 30 वर्षे ओलांडलेल्या इमारती किती? त्यांपैकी किती इमारतींचे तपासणी अहवाल 31 मार्चपर्यंत आले? ज्यांचे आले नाहीत, त्यांना कोणत्या तारखेला नोटीस बजावली आणि नोटिशीवर सही कोणाची? मुदत संपल्यावर पुढची कारवाई कोणत्या अधिकाऱ्याने करायची होती? या प्रश्नाला आकडे, तारखा आणि पदनाम दिल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. उत्तर आले की दुसऱ्या महिन्यात त्याच आकड्यांवर पुढचा प्रश्न टाकता येतो. एकदा विचारून सोडून दिलेल्या प्रश्नाने प्रशासन हलत नाही. सलग तीन सभांमध्ये एकच आकडा मागितला, की संबंधित अभियंत्याच्या टेबलावरची फाइल पुढे सरकते.

हे उदाहरण मुद्दाम घेतले. 21 सप्टेंबर 2020च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे झोपेतच गेली. त्यांत लहान मुलेही होती. इमारतीला आधी नोटीस दिली होती, असे नंतर पालिकेकडून सांगण्यात आले. दोन अधिकारी निलंबित झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि भिवंडीच नव्हे, मुंबई महानगर प्रदेशातल्या इतर महापालिकांनाही धोकादायक इमारतींबद्दल जाब विचारला. न्यायालयाने विचारले हे चांगलेच झाले. पण नोटीस दिल्यावर पुढे काय केले, हा सवाल 21 सप्टेंबरच्या आधी, दर महिन्याच्या महासभेत, भिवंडीच्या 90 नगरसेवकांपैकी कोणालाही विचारता येत होता. न्यायालयापुढचे उत्तर मृत्यूनंतरचे असते. सभागृहातल्या उत्तराचे मोल त्याच्या वेळेत आहे.

सभागृहात प्रश्न का बुडतात? एक कारण गोंधळ. घोषणा, कागद फाडणे, सभा तहकूब, हे वर्तमानपत्रात छापून येते, पण तहकूब सभेत आयुक्तांना उत्तर द्यावे लागत नाही. दुसरे कारण जास्त गंभीर वाटते. विषयपत्रिकेवर नसलेले प्रस्ताव 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी येतात आणि गोषवारा न वाचताच मंजूर होतात. अशा वेळी पुढे कोणी आयुक्तांना अडवू लागले, तर ते महासभेचाच ठराव पुढे करतात आणि त्यांचे म्हणणे बरोबरही असते. ज्याने डोळे मिटून हात वर केला, त्याला नंतर जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. स्थायी समितीत हा धोका आणखी मोठा, कारण कंत्राटे तिथेच मंजूर होतात आणि समितीत सदस्य अवघे 16 असतात.

आणि सभागृह स्वतः मतदारांना किती बांधील राहते? 2017च्या निवडणुकीत भिवंडीत 90 पैकी 47 जागा जिंकून काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. डिसेंबर 2019 मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली तेव्हा काँग्रेसचे 18 नगरसेवक फुटले आणि अवघे चार सदस्य असलेल्या कोणार्क विकास आघाडीचा महापौर झाला. अशा प्रकरणांसाठी पक्षांतरबंदीचा 1986चा कायदा आहे, निकालाची वाट मात्र लांबची असते. आयुक्तांकडून हिशेब मागणाऱ्यांनी आपल्या मताचा हिशेब मतदारांना द्यायला हवा, एवढे तरी मतदाराने धरून ठेवावे.

उत्तर मिळालेच नाही, तर शेवटचा उपाय अविश्वासाचा. कलम 36 प्रमाणे एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाला, तर आयुक्तांना परत बोलावण्याची तरतूद आहे. भिवंडीच्या 90 जणांच्या सभागृहात त्यासाठी किमान 57 मते लागतील. पण नवी मुंबईचा अनुभव लक्षात ठेवा. 25 ऑक्टोबर 2016 रोजी तिथे तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध 104 विरुद्ध 6 अशा मतांनी ठराव झाला. तरीही राज्य सरकारने त्यांना लगेच हलवले नाही. बदली झाली ती मार्च 2017 मध्ये. मुंढ्यांच्या कामाबद्दल लोकांची मते काहीही असोत, मुद्दा वेगळा आहे. महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकार कलम 451 ने सरकारला दिला आहे, आणि आयुक्तांची नेमणूकही सरकारचीच. म्हणून आयुक्तांची एक नजर सभागृहाकडे असली, तरी दुसरी कायम मंत्रालयाकडे असते.

भिवंडीत तर आणखी गुंता आहे. नगरसेवकाकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी अशा असतात की त्यांचे उत्तर आयुक्तांकडेही नसते. भिवंडीचे यंत्रमाग विजेवर चालतात आणि विजेचे बिल हा या शहरातला जिव्हाळ्याचा विषय. पण भिवंडीतली वीज वितरणाची फ्रँचायझी 26 जानेवारी 2007 पासून टोरंट पॉवरकडे आहे आणि करार महावितरणचा आहे. तिथे जाब विचारायचा तर भिवंडी पूर्व आणि पश्चिमच्या आमदारांनी विधानसभेत ऊर्जामंत्र्यांना तारांकित प्रश्न टाकायचा. पाणी 'स्टेम' या पाणीपुरवठा संस्थेकडून येते, मुंबई महापालिकेकडून येते आणि थोडे वऱ्हाळादेवी तलावातून. स्टेममध्ये भिवंडी महापालिका स्वतः भागीदार आहे, म्हणून तिथे भिवंडीच्या वतीने काय मांडले, हे मात्र महासभेत विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे एमएमआरडीएचे. शहराबाहेरची प्रचंड गोदामे ग्रामपंचायतींच्या हद्दीत, तिथले नियोजनही एमएमआरडीएकडे, आणि ती संस्था कोणी निवडून दिलेली नाही. रस्ता एकच असतो, पण त्याच्या दोन टोकांचा जाब दोन वेगळ्या दारांत विचारावा लागतो. नागरिकाला हे दार कोणते ते सांगणे, हीसुद्धा नगरसेवकाची सेवाच आहे.

आता बंद सभागृहाबद्दल. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 243-यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. भिवंडीची मुदत जून 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि राज्यातल्या बहुतेक महापालिकांप्रमाणे इथेही प्रशासक आला. प्रशासक म्हणजे आयुक्तच, महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार हाती घेतलेले. प्रस्ताव त्यांचा, मंजुरी त्यांची, अंमल त्यांचा, अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचे आणि त्यांनीच संमत करायचे. या प्रशासकांपैकी कोणी कार्यक्षम असेलही. 2011च्या जनगणनेत 7,09,665 लोकसंख्या असलेल्या शहरात मात्र एवढी वर्षे कलम 44 खाली प्रश्न विचारणारा एकही माणूस नव्हता. राहिला माहितीचा अधिकार. तो मोलाचा आहे, पण त्यातून कागद मिळतो. अधिकाऱ्याला सर्वांसमोर उभे करून 'का नाही केले?' असे विचारता येत नाही. घटनेने ठरवलेली मुदत इतकी वर्षे उलटू देणे ही सरकारची, निवडणूक यंत्रणेची आणि सगळ्या पक्षांची मिळून मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका जाहीर करण्याचा आदेश दिला, नंतर 31 जानेवारी 2026 ही अखेरची मुदत घातली, आणि 15 जानेवारी 2026 रोजी भिवंडीसह राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झाले.

सभागृह परत आले आहे. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, त्यामुळे 'तो विषय माझा नाही' म्हणायला वाव आहे. तो वाव मतदाराने देऊ नये. आपल्या प्रभागातल्या चौघांनाही भेटा आणि एकच मागणी करा : या महिन्याच्या महासभेसाठी तुम्ही कोणता लेखी प्रश्न दिला, त्याची पोच दाखवा. सभा झाल्यावर उत्तराची प्रत मागा. नगरसेवकाने टाळले, तर प्रश्नांची यादी आणि इतिवृत्त माहितीच्या अधिकारात नगरसचिवांकडे मागता येते. अर्जाला न्यायालयीन मुद्रांक 10 रुपयांचा लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.