आवाज हवा, माणूस नको : महेलिया जॅक्सन आणि पडदा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या कवितेची आणि चळवळीची ओळख आपल्याकडे झाली आहे. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांच्या गाण्याचा विचार मात्र कमी झाला. गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन हिला पडद्यावर कोणती जागा मिळाली, हे त्या दृष्टीने तपासले पाहिजे.

महेलियाचा जन्म 1911 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका गरीब वस्तीत झाला. आई लहानपणीच गेली, मावशीने वाढविले. किशोरवयात ती शिकागोला आली आणि धुणीभांडी करीत चर्चमध्ये गाऊ लागली. गॉस्पेल हे ख्रिस्ती भक्तिगीत खरे. पण गुलामांच्या वेदनेतून आलेली गाणी आणि ब्लूजचा ठेका त्यात एकत्र नांदतात. टाळ्या वाजवीत, अंग झोकून देऊन गाणे कृष्णवर्णीयांतील प्रतिष्ठित चर्चवाल्यांनाही रुचत नव्हते. महेलियाने ते सोडले नाही, आणि पैशाच्या मोहाने ब्लूज गायिलीही नाही. 1947 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर'ने तिचे नाव देशभर झाले.

1954 मध्ये सीबीएसने तिला रेडिओ कार्यक्रम दिला. काही महिन्यांतच तो बंद झाला. दक्षिणेतील गोरे गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने जाहिरातदार पुढे येईनात. याच दशकात तिने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. घराघरांत आवाज हवा होता, शेजारी ती नको होती.

सिनेमानेही हेच केले. 'सेंट लुई ब्लूज' (1958), 'इमिटेशन ऑफ लाइफ' (1959), 'द बेस्ट मॅन' (1964) या चित्रपटांत ती येते, गाते आणि जाते. परंतु 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये त्या काही मिनिटांनी सारा चित्रपट उलटा केला आहे. ॲनी ही काळी मोलकरीण. तिची उजळ वर्णाची मुलगी आईला नाकारून गोरी म्हणून जगू पाहते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'च्या वाचकाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. ॲनीच्या अंत्यविधीत महेलिया गाते. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या बाईला जी प्रतिष्ठा कथा देत नाही, ती हा आवाज देतो. स्वतः मोलकरीण राहिलेली बाई मोलकरणीसाठी गात असते, हे विसरून चालणार नाही.

तिची खरी जागा चळवळीत होती. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी गायली. 1968 मध्ये त्यांच्या अंत्यविधीतही गायली. 1971 मध्ये भारतात आली, तेव्हा मुंबईतही तिचे गायन झाले. जानेवारी 1972 मध्ये तिचे निधन झाले.

1969 मध्ये हार्लेमच्या महोत्सवात ती गायली, त्याचे चित्रीकरण सुमारे पन्नास वर्षे डब्यात पडून होते. 'समर ऑफ सोल'मधून ते 2021 मध्ये लोकांपुढे आले. त्यांचे निदान चित्रित तरी झाले होते. भीमराव कर्डकांच्या जलशांचे, वामनदादांच्या गाण्याचे आपण किती जपले? हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.