आम्लपित्त आणि मनाची खिन्नता

'पित्त झाले आहे' ही तक्रार महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. जागरण झाले, उपवास घडला, चहा अधिक झाला की छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात आणि एखादी गोळी घेऊन माणूस कामाला लागतो. असे क्वचित घडत असेल तर चिंतेचे कारण नाही. परंतु हाच त्रास आठवड्यातून दोनतीनदा व महिनोन्‌महिने होऊ लागला, की तो आजार ठरतो. या आजाराबरोबर मनाची खिन्नताही पुष्कळदा वास करीत असते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जळजळ का होते?

अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावर स्नायूंचे एक वलय असते. घास उतरताना ते सैल होते व नंतर पुन्हा आवळले जाते. ते अवेळी सैल पडू लागले की जठरातील आम्ल वर चढते. जठराचे अस्तर आम्लाला तोंड देऊ शकते; अन्ननलिकेचे अस्तर तितके समर्थ नसते. म्हणून छातीच्या मध्यभागी आग होते. लठ्ठपणा, तंबाखू, मद्य आणि रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होण्याची सवय यांमुळे हा त्रास वाढतो.

पोट आणि मन

पोट व मन यांच्या संबंधाचा प्रत्यक्ष पुरावा फार जुना आहे. 1822 मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छरे घुसले. तो बचावला, पण जठराला पडलेले छिद्र बुजले नाही. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्यातून जठराचे कार्य पाहिले. रागाच्या भरात पचनक्रिया बिघडते, हे त्यांनी नोंदविले. त्यांचा ग्रंथ 1833 मध्ये प्रसिद्ध झाला.

जठर व मेंदू यांच्यात व्हेगस नावाच्या चेतातंतूद्वारे संदेशांची अखंड देवघेव चालते. मन खिन्न वा चिंताग्रस्त असले, की वेदना अधिक जाणवते. तेवढ्याच आम्लाने जास्त आग होते. उलटपक्षी, रात्री घशाशी येणाऱ्या आम्लाने झोप मोडते, जेवणाची धास्ती बसते, हृदयविकाराची शंका मनात घर करते. झोप व उमेद यांचा असा ऱ्हास झाला की नैराश्याला वाट मिळते. एकाला दुसऱ्याचे कारण प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही एकमेकांना बळ देतात, हे निश्चित.

निदान कोठे चुकते?

पोटाचे दुखणे सांगण्यात कोणाला संकोच वाटत नाही. मनाचे सांगण्यात वाटतो. त्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे पित्ताची गोळी घेत राहतो आणि खिन्नता तशीच राहते. सतत उदासपणा, कामात रस नसणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे अशी लक्षणे दोन आठवडे टिकली, तर तीही डॉक्टरांना सांगावयास हवीत. घेत असलेल्या सर्व औषधांची माहितीही द्यावी. कारण नैराश्यावरील काही औषधांनी वर सांगितलेले वलय सैल होऊ शकते. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

घास अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे किंवा वजन घटणे ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. छातीत दुखून घाम आला वा कळ हाताकडे गेली, तर पित्त समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

गावपातळीवरील कर्तव्य

'सगळे मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे हा त्याच्यावर अन्याय होय. जळजळ खरी असते आणि खिन्नताही खरी असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 अन्वये शासकीय आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहिण्यास खर्च काहीच नाही. नेहमी 'पित्ताने हैराण' असणाऱ्या सहकाऱ्याला वा ग्रामस्थाला 'झोप लागते का? मन लागते का?' एवढे दोन प्रश्न शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपुलकीने विचारले, तरी योग्य उपचाराची वाट मोकळी होऊ शकेल.