नकाशातली रिकामी जागा

सकाळी ९. अठरा अंशांच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ट्रे लावला. बाहेरच्या उकाड्यात थेंब सुकतात, म्हणून चहा नंतर. गाईच्या ट्रिप्सिनोजेनचे तीन स्फटिक चांगले, बाकी सुयांचे झुपके.

११.३०. एक स्फटिक नायलॉनच्या फाशात उचलून उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरला. क्ष-किरणांचे ठिपके चित्राच्या कडेपर्यंत आले. आता यंत्र रात्रीपर्यंत फिरेल.

दुपारी २. कालच्या स्फटिकाचा इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघडला. एमएस्सीची विद्यार्थिनी शेजारी होती. "मॅडम, इथे साखळी तुटतेय. माझं काही चुकलं का?"

मी आधी ट्रिप्सिनचा नकाशा लावला. त्यात कप्प्याच्या तळाशी १८९ क्रमांकाचं ॲस्पार्टेट ऋणभार घेऊन बसलेलं असतं. धनभारित लायसीन किंवा आर्जिनीन तिथे ओढलं जातं, म्हणून ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी नेमकी त्यांच्यापुढे कापतं. कापण्याचं काम ५७, १०२ आणि १९५ या तिघांचं. ट्रिप्सिनच्या पूर्वरूपात, म्हणजे ट्रिप्सिनोजेनमध्येही, हे तिघं जवळपास त्याच जागी आहेत. मग ते स्वादुपिंडात गप्प का राहतं?

उत्तर त्या तुटलेल्या जागेतच आहे. कप्प्याच्या भिंती तिथे डळमळत असतात. प्रत्येक रेणूत त्यांची जागा वेगळी, त्यामुळे सरासरीत काहीच उमटत नाही. १८९ सुद्धा नाही. लहान आतड्यात एन्टेरोपेप्टिडेज सहा अमिनो आम्लांची शेपटी कापतं. मोकळं झालेलं १६ वं आयसोल्युसीन आत वळतं, त्याचं टोक १९४ च्या ॲस्पार्टेटला धरतं आणि भिंती ताठ होतात. १९७७ मध्ये रॉबर्ट ह्युबर यांच्या गटाने ट्रिप्सिनोजेनची ही रचना मांडली. इतकी वर्षं शिकवूनही हे दृश्य मला तितकंच थक्क करतं.

चुकीच्या जागी हे कुलूप उघडलं तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. आनुवंशिक स्वादुपिंडदाहाचं एक मूळ १९९६ मध्ये ट्रिप्सिनोजेनच्याच जनुकात सापडलं.

५. तिने ट्रिप्सिनमधले अणू उचलून रिकाम्या जागी बसवले होते. चित्र सुबक दिसत होतं. मी म्हटलं, "काढ ते. नकाशात नाही ते आपण भरायचं नाही."

६.३०. तिने वहीत लिहिलं: १४२ ते १५२, १८४ ते १९३, २१६ ते २२३, घनता नाही. मग यंत्राची खोली बघायला गेली.