हुन्नराच्या शाळा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत जी खलबते सुरू होतात, त्यांत अकरावीच्या विज्ञानशाखेचा विचार प्रथम होतो, वाणिज्यशाखेचा त्याच्या मागोमाग होतो, गुण बरे असतील तर तंत्रनिकेतनाच्या पदविकेची गोष्ट निघते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या आयटीआयचे, नाव बहुधा सर्वांत शेवटी, आवाज जरा खाली आणून घेतले जाते. हा क्रम कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. उलट गेल्या १४० वर्षांत या देशात शिक्षणाची चौकशी करणारे जे प्रमुख आयोग नेमले गेले, त्यांतील बहुतेकांनी तो बदलला पाहिजे असेच आपल्या अहवालांत लिहून ठेवले आहे. तरीही तो बदलला नाही, याचे कारण शोधायचे तर अहवालांपेक्षा ज्या ठिकाणी हुन्नराचे शिक्षण खरोखर रुजले त्या ठिकाणांकडे पाहणे अधिक फलदायी होईल, असे माझे मत आहे.

अहवालांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना दोन फाटे फोडावेत, एक विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा आणि दुसरा व्यवहारोपयोगी, अशी शिफारस केली. विद्यार्थी पहिल्या फाट्यावरूनच चालत राहिले, कारण सरकारी कचेरीचा दरवाजा तिकडेच उघडत होता. १९३६-३७ साली ॲबट आणि वुड यांनी, १९४४ साली सार्जंट यांनी हाच विषय पुन्हा मांडला. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ साली तर प्रमाणच घालून दिले: १९८६ पर्यंत दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणात असावेत. ते वर्ष उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील अपेक्षा १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के इतकी खाली आणली; १९९२ साली त्याही मुदती पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलाव्या लागल्या. २०२० च्या धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन नमूद केले आहे की १९ ते २४ वयोगटातील श्रमिकांपैकी ज्यांनी रीतसर व्यवसायशिक्षण घेतले असे लोक भारतात पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि हेच प्रमाण जर्मनीत ७५ व दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे.

या निराशाजनक मालिकेच्या बाहेर उभी असलेली एक संस्था म्हणजे बडोद्याचे कलाभवन. सयाजीराव गायकवाडांच्या दरबाराने १८९० साली ते उघडले आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती दिली. गज्जर सुरतेचे, सुतारकामाची परंपरा असलेल्या घराण्यातले. कारागिराच्या घरी ज्ञान कसे वाढते आणि कशामुळे खुंटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तो काळ असा होता की जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालेले रंग हिंदुस्थानच्या बाजारात उतरले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या मंजिष्ठ व नीळ यांवर हात बसलेला रंगारी हतबल होऊन पाहत होता. गज्जरांनी या रंगाऱ्याला अडाणी ठरवले नाही. त्याच्या हाताला जे आधीपासून ठाऊक आहे त्यावर नव्या रसायनशास्त्राचे कलम केले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून कलाभवनात रंगशास्त्र, विणकाम, यंत्रकाम, वास्तुशिल्प, चित्रकला हे विषय देशी भाषेतून शिकवले गेले, आणि त्यासाठी लागणारी परिभाषा व पुस्तके मराठी आणि गुजराती भाषांत तयार करण्याचा उद्योग दरबारच्या खर्चाने हाती घेण्यात आला. ज्या काळात मुंबई इलाख्यात इंग्रजी न येणाऱ्या माणसाला शास्त्राचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या काळात एका संस्थानाने हा निर्णय घ्यावा, याचे महत्त्व आपण अद्याप पुरते ओळखलेले नाही. इथून बाहेर पडलेले रंगतज्ज्ञ कापडगिरण्यांत कामाला लागले. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाला हात घालण्यापूर्वी चित्रकला आणि छायाचित्रण यांचे धडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर इथेच घेतले. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रविद्या शाखेत कलाभवन विलीन झाले. त्याची प्रतिष्ठा वाढली खरी. परंतु इंग्रजी न येणाऱ्या कारागिरासाठी उघडलेले ते दार त्यानंतर पूर्वीइतके रुंद राहिले नाही.

मुंबईत याच सुमारास, १८८७ साली, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा निघाली होती. गिरण्यांना लागणारे यंत्रज्ञ आणि कापडतज्ज्ञ घडवणे हा तिचा हेतू, आणि तो तिने उत्तम रीतीने पार पाडला. तिथे यांत्रिक रेखाटन शिकवणारे एक तरुण शिक्षक, बढतीत आपल्याला डावलले गेले म्हणून नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींचे दुकान चालवू लागले, लोखंडी नांगर ओतू लागले, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर त्यांनी कारखाना उभा केला. किर्लोस्करवाडीची ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. मात्र त्या शिक्षकाच्या, म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या, कारखान्यात खेड्यातली, शाळा अर्धवट सोडलेली माणसे ओतकाम व जोडकाम शिकून वाकबगार झाली, आणि ती शिकली ती विकाऊ माल बनवता बनवता, हा भाग आपण त्या कथेतून बहुधा गाळतो. शिकणारा जे बनवतो ते कोणीतरी पैसे मोजून घेणार आहे आणि मोडले तर परत आणून दारात टाकणार आहे, या जाणिवेने हाताला जे वळण लागते ते परीक्षेच्या धाकाने लागत नाही.

आजच्या आयटीआयचा उगम मात्र वेगळ्या निकडीतून झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना रोजगार मिळवून देण्यासाठी १९४५ साली केंद्रात एक महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांचा लोंढा आला तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही त्याच खात्यावर पडली. आणि १९५० साली या साऱ्या कामाला शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेचे कायम स्वरूप देण्यात आले. १९५६ साली संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवला गेला, अभ्यासक्रम व प्रमाणपत्र केंद्राकडे राहिले. ही व्यवस्था श्रमखात्याने जन्माला घातली, शिक्षणखात्याने नव्हे, आणि माझ्या मते पुढील पुष्कळ दुखण्यांचे मूळ येथे आहे. कारण शाळा-महाविद्यालयांची शिडी एका दफ्तरात रचली गेली आणि कारागिराची शिडी दुसऱ्या, आणि दोन्हींच्या पायऱ्या एकमेकींना जोडण्याचे काम दीर्घ काळ कोणाच्याच टेबलावर नव्हते.

या संस्थांत काय शिकवले जाते हे ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांनी एखाद्या फिटर विभागात सत्र सुरू झाल्यानंतर महिना-दीड महिन्याने जाऊन यावे. व्हाइसमध्ये पकडलेला माइल्ड स्टीलचा तुकडा आणि हातात कानस, एवढ्याच सामग्रीवर सोळा-सतरा वर्षांची मुले तासन्‌तास उभी असतात. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे घेताना सोडायचा. दोन्ही हातांचा भार समतोल राहिला नाही तर पृष्ठभाग मधोमध फुगतो. मुलगा तुकडा काढून त्यावर गुण्या धरतो, खिडकीच्या उजेडाकडे डोळ्यांसमोर उचलतो, आणि पोलादाच्या व गुण्याच्या कडेमधून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की काही न बोलता पुन्हा व्हाइस आवळतो. या अभ्यासाला तिथे ‘जॉब’ म्हणतात. पहिले जॉब साधे चौकोनी, नंतरचे एकमेकांत बसणारे नर-मादी जोड, ज्यांची अचूकता मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते. निदेशक येतो, वर्निअर लावतो, एखाद्या कोपऱ्यावर बोट फिरवून चूक सांगतो. हाताच्या, डोळ्याच्या आणि बुद्धीच्या या संयोगाला जो कोणी कनिष्ठ प्रतीचे शिक्षण म्हणेल, त्याने तो तुकडा एकदा स्वतः घासून पाहावा.

महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी त्याहून वेगळ्या. देशभरचा आकडा १५ हजारांच्या घरात आहे. दोन शिड्या जोडण्याचे काम अलीकडे थोडे मार्गी लागले आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. भाषाविषयांची परीक्षा दिल्यास दहावी-बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय राज्याने केली आहे. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आला, आणि राज्याचे कौशल्य विद्यापीठही स्थापन झाले. कागदावर वाट उघडली. परंतु पदविकेच्या वर्गात आलेल्या आयटीआयच्या मुलाला गणिताची आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांची जी भिंत समोर दिसते, ती ओलांडायला त्याच्यासोबत कोणी नसते. गज्जरांनी १८९० साली जे ओळखले होते, ते आपण पुन्हा नव्याने ओळखण्याची वेळ आली आहे. त्यात निदेशकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि कित्येक कार्यशाळांतील यंत्रे कारखान्यांतून कधीच बाद झालेली असतात. २००७ साली केंद्राने १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊन त्यांच्या व्यवस्थापन समित्यांवर उद्योजकांना अध्यक्ष म्हणून बसवले. पैसा आला, पण शिकवणारा माणूस पैशाने एका वर्षात तयार होत नाही.

उच्च माध्यमिक स्तरावरील प्रयोगाची हकीकत अधिक खेदजनक आहे. अकरावी-बारावीसाठी राज्याने द्विलक्षी अभ्यासक्रम आणले, जेणेकरून विज्ञानाबरोबर एखादे कौशल्यही मुलाच्या पदरी पडावे. त्यांतील इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र यांना गर्दी झाली ती मुख्यतः २०० गुणांच्या या विषयात गुण चांगले मिळतात आणि दुसरी भाषा व जीवशास्त्र टळते म्हणून. किमान कौशल्यावर आधारित स्वतंत्र अभ्यासक्रमांकडे मात्र ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही अशीच मुले वळली. पालकांना मी यात दोष देणार नाही. ज्या वाटेच्या शेवटी तुटपुंजा पगार आणि कंत्राटी नोकरी दिसते, तीवर आपले मूल कोण पाठवील?

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनीच स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनविभागातील नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळेला कंटाळलेली किंवा शाळेने टाकून दिलेली मुले वर्षभरासाठी निवासी घेतली, आणि त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी सारी कामे शिकवली. गावाला लागणारी सेवा रास्त मोबदला घेऊन पुरवायची आणि ती पुरवताना शिकायचे, हा तिथला नियम. भूगर्भातील पाण्याचा विद्युत्‌रोधमापनाने शोध घेण्याचे कामही शिकवणीचाच भाग होते. एका गोष्टीत निपुण होण्याआधी दहा गोष्टींना हात लावल्याने मुलाला आपला कल कळतो, हे कलबागांचे निरीक्षण शिक्षणशास्त्राच्या कित्येक ग्रंथांहून मोलाचे आहे. पुढे हाच अभ्यासक्रम राज्यातील कित्येक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातील एका दिवसापुरता लावला गेला.

जर्मनीचे नाव या विषयात सर्वच घेतात. तेव्हा तिथली एकच गोष्ट सांगतो. तेथील मुलगा आठवड्यातून तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले दिवस व्यावसायिक शाळेत काढतो, हे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाचे असे की अनुभवानंतर कठीण परीक्षा देऊन जो ‘माइस्टर’ होतो, त्याची अर्हता राष्ट्रीय आराखड्यात विश्वविद्यालयाच्या पदवीच्याच, म्हणजे सहाव्या, पातळीवर बसवलेली आहे, आणि पुढच्या पिढीला शिकवण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो. कारागिराला शिक्षक होता येते, हे त्या व्यवस्थेचे मर्म. आपल्याकडे तीस वर्षे लेथवर काढलेला टर्नर ठरलेली प्रमाणपत्रे नसतील तर निदेशक होऊ शकत नाही, आणि प्रमाणपत्रे असलेला पण कारखाना फारसा न पाहिलेला तरुण होतो. हा नियम बदलल्याखेरीज नव्या इमारतींचा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा दुवा उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार आयटीआयची परीक्षा दिलेल्या मुलाला कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचे बंधन आहे. पुष्कळ ठिकाणी हे शिकाऊ म्हणजे स्वस्त मजूर ठरतात. वर्ष संपते, आणि ज्या यंत्रावर शिकायचे त्यापाशी मुलाला उभेही केलेले नसते. मोठ्या कारखान्यांना निरीक्षक विचारू शकतो. पण महाराष्ट्राचे पुष्कळसे हुन्नर भोसरी, सातपूर, शिरोली, इचलकरंजी, वाळूज येथल्या छोट्या गाळ्यांत आहे. चार ते २९ माणसांच्या अशा आस्थापनांवर सक्ती नाही, मुभा आहे. हा अंक वाचणाऱ्यांत असे गाळे चालवणारे आणि एके काळी स्वतःही कानस धरून शिकलेले पुष्कळ असतील. त्यांना माझी विनंती आहे की यंदा आपल्या गावच्या आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटावे, एक मुलगा किंवा मुलगी मागून घ्यावी, आणि तिला झाडू हाती न देता पहिल्या आठवड्यातच यंत्रापाशी उभे करावे.