चॉकलेट : कोको किती, साखर किती?



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना लागवडीच्या बोलण्यातून दुसरेही विषय निघतात. अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "साहेब, चॉकलेट हृदयाले चांगलं असते म्हन्तात, खरं हाय का?" विषय उसाचा नसला तरी साखरेचा आहे. म्हणून या अंकात त्याचा खुलासा करीत आहोत.

चॉकलेट होते कोकोच्या बियांपासून. बिया आंबवून, वाळवून, भाजून दळतात. हे झाड उष्ण पण दमट हवेचे. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागेत ते आंतरपीक म्हणून घेतात. बीमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते व ती सुमारे ३४ अंशांवर वितळते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा खरे चॉकलेट फ्रीजशिवाय टिकणार कसे? वितळून पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर जी पांढुरकी झाक दिसते, ती बहुधा वर आलेली चरबी असते, बुरशी नव्हे.

त्यामुळे गावच्या दुकानात बरणीतून जे 'चॉकलेट' मिळते, ती बहुतेक वेळा पाकाची कडक गोळी असते. नाशिक जिल्ह्यात रावळगावला शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. मुलांनी त्यांनाही चॉकलेटच म्हटले. पण गोळीतला मुख्य माल साखर. कोकोचे गुण तिला लावून चालणार नाही.

आता कोकोचे गुण पाहू. त्यात फ्लेव्हॅनॉल नावाची कडवट द्रव्ये असतात. त्यांनी रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात व रक्तदाब किंचित उतरतो. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्क माणसांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदयविकाराचे एकूण प्रकार खात्रीने कमी झाले असे दिसले नाही, मात्र त्या विकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. परंतु त्या लोकांना कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुधाच्या चॉकलेटात चरबी वगळून कोको शेकडा अडीच असला तरी चालतो. साखर मात्र निम्म्याच्या आसपास असते!

हिशेब सोपा आहे. ४० ग्रॅमच्या वडीत सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर. वरून घातलेली साखर प्रौढाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीवरून निघते. दोन-दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की ३० ग्रॅम तिथेच संपले. गूळही याच हिशेबात धरावा.

लेकरांच्या दातांचे नुकसान किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले यावर जास्त ठरते. दाताच्या फटीत चिकटलेल्या गोडापासून जंतू आम्ल तयार करतात व ते दात पोखरते. तेव्हा दिवसभर एकेक गोळी चघळू देण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच द्यावी आणि चूळ भरायला लावावी. राखणीच्या कुत्र्याला चॉकलेट टाकू नये. कोकोतील थिओब्रोमाइन त्याला विषारी ठरते.

देशात दहा कोटींच्या वर मधुमेही असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपल्या सभासदांतही कितीतरी आहेत. इन्सुलिन किंवा औषध घेणाऱ्या माणसाला शेतात एकाएकी घाम, थरथर, भोवळ आली, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. अशा वेळी चॉकलेट कामाचे नाही, कारण चरबीमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

साखर कारखान्याच्या माणसानेच साखर कमी खा म्हणावे, याचे कोणास नवल वाटेल. पण उसाचे भवितव्य आता केवळ साखरेच्या पोत्यावर अवलंबून नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली शेकडा २० वर पोचले. आणि ऊस पिकवणारा धडधाकट नसेल तर टनेज वाढवून तरी काय करायचे?

तेव्हा सणासुदीला चॉकलेट जरूर आणावे. मात्र वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले असते. पहिले नाव साखरेचे असेल, तर ती मिठाई समजून एखादा तुकडा खावा. औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.